ब्रिनची स्टिक, माझी ठकठक

माझ्याच टीममधली ब्रिन मकाय मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते.

यंदा मी शाळेच्या आइस हॉकी टीमची गोलकीपर झाले. त्याआधी वर्गात माझा आवाजसुद्धा कुणी ऐकला नव्हता. आता बर्फावर मी अशी ओरडते की मॅच बघायला आलेल्या, मागच्या बाकावरच्या बायकांची कॉफी सांडते. हे सगळं मला गिदोंनी शिकवलं. गिदो म्हणजे माझे आजोबा, गावातल्या निम्म्या लोकांचे कोच. फाउल केला म्हणून दोन मिनिटं बाहेर बसवलेल्या समोरच्या टीमच्या पोरीची शिक्षा संपून ती परत यायची वेळ झाली की गोलकीपरने स्टिक बर्फावर आपटायची, म्हणजे पाठमोऱ्या आपल्या पोरींना कळतं, हेही त्यांचंच. आणि हे माझे गिदो सध्या ब्रिनचे झालेत.

त्यांना पार्किन्सन्स आहे. मेंदूतल्या काही पेशी डोपामिन तयार करतात, ते कमी पडलं की 'चल' हा निरोप पायांपर्यंत नीट जात नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. वय झालं की सगळ्यांचंच ते थोडंथोडं कमी होतं; गिदोंच्या पेशी मात्र भराभर गेल्या. "पोस्टमन रिटायर झालेत, पत्रं पडून आहेत," असं गिदो म्हणतात आणि आम्ही हसतो. पण दारात त्यांचे पाय जमिनीला चिकटतात तेव्हा कुणाला हसू येत नाही.

मी हात धरून ओढते, चला ना, चला ना करते. ते आणखीच ताठरतात. ब्रिन सरावानंतर आमच्याकडे पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, खायला आली, तिने हे पाहिलं, स्वतःची स्टिक त्यांच्या बुटांपुढे आडवी ठेवली आणि म्हणाली, "कोच, ओलांडा."

त्यांनी ओलांडली. आमच्या स्वयंपाकघरात, माझ्या आजोबांनी, तिची स्टिक. तिच्या पणजीलाही हाच आजार होता म्हणे; समोर ओलांडायला काही दिसलं की अडकलेला पाय सुटतो, हे तिला तिथूनच माहीत. असेल. मी माझी पिरोगी तशीच ताटात ठेवून उठले.

मग ठरलं की मोसमाच्या पहिल्या मॅचला मध्यभागी जाऊन पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, टाकायचा मान गिदोंचा. सोबत कोण, असं रिंकवाल्यांनी, म्हणजे बर्फाचं मैदान सांभाळणाऱ्यांनी, विचारलं, तर म्हणाले, ब्रिन.

मी गॅरेजमध्ये त्यांना गाठलं. "मी का नाही?"

"तू गोलमध्ये हवीस."

"गिदो, खरं सांगा."

"तू हात धरलास की मी आजारी होतो, लेस्या. ती स्टिक टाकते तेव्हा वाटतं, सराव चाललाय."



मॅचच्या दिवशी गिदो बर्फाच्या फाटकापाशी आले आणि अडकले. खाली काळी रबरी चटई, ब्रिनची स्टिकही काळीच. त्यांना ती दिसेना. ती ओलांडा, ओलांडा म्हणत राहिली, तिचा आवाज बारीक होत गेला. माइकवरून त्यांचं नाव पुन्हा पुकारलं गेलं. मी गोलमध्ये उभी होते आणि मला पहिल्यांदा झाला तो आनंद. घे, कर आता काय करायचं ते.

मग गिदोंची टोपी खाली पडली. ती उचलायला त्यांना वाकताही येईना आणि सगळं गाव बघत होतं. मी हात धरायला निघाले. चार ढांगा गेले, आणि गॅरेजमधलं ते वाक्य आठवलं. तिथेच थांबून मी स्टिक बर्फावर आपटली. ठक. ठक. ठक. एकसारखी, ते शिकवायचे तशी.

गिदोंनी मान वर केली. उजवा पाय उचलला. मग डावा. माझ्या ठोक्यावर ते बर्फावर अंथरलेल्या गालिच्यावरून मध्यापर्यंत चालत गेले. ब्रिनच्या दंडाला धरून, हेही लिहायला हवं.

शाळेच्या भिंतीवर फोटो लागलाय, गिदो आणि ब्रिन. मी त्यात नाही. ठकठक फोटोत कुठून येणार? रोज तिथून जाताना जळते मी.

मॅचच्या रात्री घरी आल्यावर गिदो एवढंच म्हणाले, "मला वाटलं, माझी शिक्षा संपली."

काल ब्रिन विचारत होती, किती वेगाने आपटायचं ते मला शिकवशील का.

बघू, म्हटलं.