एकटीसाठी आठ मुक्काम

ज्योत्स्ना खंडारे बत्तीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात होत्या. शेतांची मोजणी करायची, हे त्यांचं काम. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतले कितीतरी धुरे, म्हणजे शेतांचे बांध, त्यांनी पायांनी तुडवले होते. पण दर वेळी डाव्या हाताला एक भाऊ, उजव्या हाताला दुसरा भाऊ, आणि दोघंही तापलेले. नुसतं बघत बघत चाललो, असं एकदाही झालं नव्हतं. त्या निवृत्त झाल्या, त्यानंतर दोन वर्षांनी आई गेली. लग्न केलेलं नव्हतं. अकोल्यात जठारपेठेतल्या फ्लॅटमध्ये बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं, की आता तसं चालावं. सातपुड्याच्या पायथ्यानं, गावागावांतून, चांगलं आठ दिवस.

चालण्याची त्यांना भीती नव्हती. अडचण मुक्कामाची होती. मागच्या वर्षी एकदा त्या अशाच निघाल्या आणि संध्याकाळी एका गावात समाजमंदिराच्या ओट्यावर जाऊन बसल्या. अर्ध्या तासात सरपंच, पोलीस पाटील आणि चार बाया जमल्या. कोणाकडे आल्या, सोबत कोण आहे, घरी काही झालं का. शेवटी सगळ्यांनी मिळून त्यांना अकोल्याच्या बसमध्ये बसवून दिलं. चांगल्या मनानंच. कंडक्टरला सांगितलं, "बाईले नीट उतरवजो."

म्हणून चालण्याच्या सहली काढणारी एखादी कंपनी शोधायचं ठरलं.

पहिली कंपनी पुण्याची. तिच्या संकेतस्थळावर हसणाऱ्या माणसांचे फोटो होते, सगळे दोघं-दोघं किंवा दहा-दहा. फोनवर आकांक्षा नावाची मुलगी बोलली. आवाज गोड होता.

"किती जण आहात मॅम?"

"एक."

"म्हणजे तुम्ही आणि?"

"मी."

आकांक्षानं पलीकडे काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली, "काळजी नको मॅम, खोली शेअर करायला आम्ही पार्टनर शोधून देतो. ग्रुप इतका छान असतो, की तुम्हाला एकटं वाटणारच नाही. रोज संध्याकाळी गेम्स असतात."

"आणि मी चालताना मागं पडले तर?"

"आम्ही कोणाला मागे पडूच देत नाही मॅम."

ज्योत्स्नाबाईंनी आभार मानले आणि फोन ठेवला. बत्तीस वर्षं त्यांना कोणी घाईनं चालवलं नव्हतं. उलट दुसरेच त्यांच्यासाठी धुऱ्यावर ताटकळत उभे राहिले होते.

दुसरी कंपनी अमरावतीची. तिथं त्या स्वतः गेल्या. राजकमल चौकाजवळ पहिल्या मजल्यावर ऑफिस होतं. मालकाचं नाव धर्मेंद्र, चाळिशीचा. त्यानं आधी चहा मागवला.

"पैदल काहून मॅडम? चिखलदऱ्याले आपली एसी गाडी आहे."

"मले चालायचंच आहे."

"बरं. मंग असं करू. तुमी चाला, आमची गाडी मांगं मांगं राहीन. थकल्या का बसून जा. सोबत कोण, मिस्टर?"

"नाही."

"बहीण, मैत्रीण?"

"कोणी नाही."

त्यानं पेन टेबलावर ठेवलं. "मॅडम, बुरा नका मानू. एकट्या लेडीजची जबाबदारी मी नाई घेत. उद्या काही झालं तं विचारणारे शंभर येतात."

ज्योत्स्नाबाईंच्या ओठांवर आलं होतं, की माझ्यासाठी विचारायला शंभर येणार नाहीत. पण माणूस सरळ बोलला होता. त्यांनी चहा संपवला आणि दुपारच्या बसनं परत आल्या. मूर्तिजापूरपर्यंत शेजारची जागा रिकामीच होती. तिथं एक बाई चढली, ती तीन लेकरांना घेऊन मागं जाऊन बसली.

तिसरा नंबर त्यांना एका जुन्या सहकाऱ्यानं दिला. नत्थुजी नावाचा गृहस्थ, अचलपूरचा. एसटीत कंडक्टर होता. नोकरी संपल्यावर त्यानं शेंदूरजनाघाटपासून अचलपूरपर्यंत आठ मुक्कामांची पायवाट बसवली होती. रोज दहा-बारा किलोमीटर चालायचं, रात्री कोणाच्या तरी घरी राहायचं, पिशवी ऑटोनं पुढं जायची. संकेतस्थळ त्याच्या पुतणीनं, आचलनं, करून दिलं होतं. त्यावर फोटो चारच, आणि एकात नत्थुजीचं बोट आलेलं.

फोन लागला तेव्हा पलीकडे कोणीतरी लाकूड फोडत होतं.

"एकटी येऊ शकते का?" त्यांनी आधीच विचारून टाकलं.

"काहून नाई? खाट तं एकच लागते."

"मी मागं पडले तर?"

"कोनाच्या मांगं पडसान? तुमी तं एकट्याच चालून राहिल्या."

ज्योत्स्नाबाईंना हसू आलं. नत्थुजी मात्र हसला नव्हता. तो पुढं सांगत गेला. "माझी पद्धत अशी आहे. दिवस बुडाच्या आंदी तुमी घरी पोचल्या नाई, तं घरची बाई मले फोन करते. मंग मी गाडी काढतो आन् उलट्या बाजूनं येतो."

"आणि तिचा फोन लागला नाही तर?"

"नाई आला फोन, तरी निघतो. पोचल्याचा फोन आला पाह्यजे, असं आहे ते."

आई होती तोवर साडेसहाला दारात खुर्ची टाकून बसायची. आई गेल्यापासून आपण संध्याकाळी घरी पोचलो की नाही, हे गावात कोणालाच माहीत नसायचं. बाथरूममध्ये पाय घसरला असता, तर दूधवाल्याला चौथ्या दिवशी शंका आली असती.

एक प्रश्न राहिला होता. तो त्यांनी पुण्याला विचारला नव्हता, अमरावतीलाही नाही. "नत्थुजी, आमी बौद्ध आहो. ही आठ घरं... कोणाच्या चुलीजवळ जाऊन मला परत फिरायचं नाही. या वयात तर नाहीच."

लाकूड फोडायचा आवाज थांबला. कदाचित तोच फोडत असावा.

"बाई, मी दहा घरं पाह्यली होती. येईन त्याले सैपाकघरात बसवसान का, असं सगळ्याईले विचारलं. दोघं जण बोलले, पाहू. ते दोन घरं मी सोडून देल्ले. म्हणून आठ मुक्काम आहेत, नाई तं दहा राह्यले असते."

त्याच दिवशी त्यांनी नाव नोंदवलं. आचलनं मोबाईलवर फॉर्म पाठवला. नाव, वय, रक्तगट, गुडघे कसे आहेत. शेवटच्या रकान्यात जवळच्या माणसाचा नंबर हवा होता. त्यांनी नागपूरला भाच्याला, अनुपला, फोन केला.

"मावशी, टाक ना माझा नंबर, त्यात काय विचारायचं?" अनुप म्हणाला. मागं टीव्ही चालू होता. "पण दिवसा मी मीटिंगमध्ये असतो. दुसरा एखादा पण देऊन ठेव."

"बरं."

"कुठं जाऊन राहिली म्हणालीस?"

त्यांनी परत सांगितलं. दुसऱ्या नंबरासाठी त्या बराच वेळ फोनमधली नावं चाळत बसल्या. आईचा नंबर अजून तसाच होता. गॅसवाला, प्लंबर, ऑफिसातले तिघं, त्यांतले दोघं आता हयात नव्हते. शेवटी त्यांनी अनुपचा नंबर टाकला आणि दुसऱ्याची जागा मोकळीच सोडली. आचलनं काही विचारलं नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या शेंदूरजनाघाटहून निघाल्या. पहिले दोन दिवस संत्र्याच्या बागांमधून गेले. तोडणी चालू होती, क्रेट भरले जात होते, माणसं एकमेकांना हाका मारत होती. ज्योत्स्नाबाई त्यांच्यामधून गेल्या, तेवढ्यापुरतं लोकांनी वर पाहिलं आणि परत कामाला लागले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं, की सकाळपासून आपण एक शब्दही बोललेलो नाही. घरीही असं व्हायचं, पण घरी ते अंगावर यायचं. इथं काय होतंय, ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. बरं वाटत होतं असंही नाही.

चौथ्या दिवशी त्या चुकल्या. तूर डोक्याच्या वर गेली होती आणि दोन शेतांमधली पायवाट नांगरून टाकलेली होती. नाल्याच्या काठानं जाऊन जाऊन त्या जिथून निघाल्या, तिथंच परत आल्या. फोनला रेंज नव्हती. ऊन पिवळं झालं, मग तेही गेलं. त्या रस्त्याला लागल्या तेव्हा समोरून एकच दिवा येत होता.

मोटरसायकल थांबली. नत्थुजीला त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. बुटका माणूस, डोक्याला मफलर.

"खंडारेबाई?"

"हो."

"बसता का?"

"किती राहिलं?"

"दीड किलोमीटर."

"चालते मग."

त्यानं मान हलवली, गाडी वळवली आणि पुढं निघून गेला. कुठं होतात, काय झालं, काही नाही. वळणापर्यंत त्याचा मागचा लाल दिवा दिसत राहिला.

मुक्काम गोदाबाईंकडे होता. पन्नाशीच्या, दोन खोल्यांच्या घरात एकट्याच राहणाऱ्या. मुलगा सुरतेला. त्यांनी हातपाय धुवायला गरम पाणी दिलं, चुलीपाशी पाट टाकला आणि भाकरी वाढली. जेवण झाल्यावर तुरीच्या ओल्या शेंगा सुपात घेऊन मध्ये ठेवल्या. दोघी सोलायला बसल्या.

"इथं येतात ते जोडीनं येतात," गोदाबाई म्हणाल्या. "लय बोलतात. माझा फोटो काढतात. कितीक एकर, पोरगा का करते, दिवसभर विचारतात. ते गेले का घर जास्तच रिकामं वाटते."

"मी नाही विचारत काही."

"नोका विचारू. सोला."

शेंगा संपेपर्यंत दोघी सोलत राहिल्या. मग गोदाबाईंनी दाणे डब्यात ओतले, टरफलं गोठ्यात टाकून आल्या आणि बाहेरच्या खोलीत खाट टाकून दिली.

सकाळी ज्योत्स्नाबाई उठल्या तेव्हा घरात कोणी नव्हतं. गोदाबाई कापूस वेचायला निघून गेल्या होत्या. चुलीच्या कडेला झाकून ठेवलेला चहा अजून कोमट होता आणि ताटलीत काल सोललेल्या दाण्यांचा झुणका आणि दोन भाकरी. ज्योत्स्नाबाईंनी चहा प्यायला, झुणका-भाकरी फडक्यात बांधून घेतली. कप धुऊन पालथा घातला. निरोप घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून दार नुसतं ओढून घेतलं, बाहेरून कडी लावली आणि पाचव्या मुक्कामाच्या रस्त्याला लागल्या.