काळी चार

चार वाजून दहा मिनिटांनी तमन्नाने कॅसिओवर काळी चार दाबली आणि तिचं बोट पट्टीवरच राहिलं. शेजारी अय्यूबच्या बेंजोतून निघालेला सूर तिच्या सुराच्या कितीतरी खाली होता.

"चाचा, तुमचा सा..."

अय्यूबने तिच्याकडे न बघता तळहात जमिनीकडे दाबला. हळू.

दिग्रसच्या बाजार समितीच्या आवारात लोकसंगीत महोत्सवाचा दुसरा दिवस होता. पाच वाजता 'धरम-अय्यूब पार्टी'. आयोजकांनी साथीला यवतमाळहून संगीतशिक्षिका पाठवली होती, ती तमन्ना. मंचाच्या कडेला सत्तरीचा धरमसिंग उन्हाकडे तोंड करून उभा होता. डफाचं कातडं तापवत होता आणि मधूनमधून त्यावर टिचकी मारून कान लावत होता.

"किती खाली आहे?" तमन्नाने कुजबुजत विचारलं.

"पाच पट्ट्या. त्याले म्हणू नको."

"त्यांनी तर फोनवर काळी चार सांगितली."

"तो काळी चारच म्हणन. तू पण तेच म्हण."

चाळीस वर्षांपूर्वी फुलसावंगीपासून पुसदपर्यंत लग्नाच्या तारखा या दोघांना विचारून ठरत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भोंगा, ट्रॅक्टरच्याच बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर, दोघांच्या अंगात सोनेरी चमकीचे शर्ट. धरमसिंग तांड्यावरची लेंगी उचलायचा, अय्यूब बेंजोची टाइपरायटरसारखी बटणं अशी पळवायचा की वरात जागची हलायची नाही. घोडा थकायचा, नवरदेव उतरून नाचायचा. लेंगी म्हणजे बंजाऱ्यांचं होळीचं गाणं, पण लग्नातही लोक तेच मागायचे. धरमसिंगचा गळा काळी चारचा, पुरुषाला अवघड अशा उंच पट्टीचा. जिल्ह्यात त्या पट्टीत दुसरा कोणी गात नव्हता.

बारा वर्षांपूर्वी तांड्यावर होळीला त्याचा वरचा सूर पहिल्यांदा फाटला. त्या रात्री तो एवढंच म्हणाला होता, "काळी चार सुटली का डफ खुंटीले."

पुढच्या कार्यक्रमाआधी अय्यूबने सगळ्या तारा एका पट्टीने उतरवल्या. धरमसिंग मोकळा गायला. दोन-तीन होळ्यांनी अजून एक पट्टी. उतरवून उतरवून तारा सैल पडल्या, बटणांवर खडखडू लागल्या, तेव्हा त्याने जाड तारा चढवल्या. दुकानात बसून आयुष्यभर पाण्याच्या मोटारी रिवाइंड केलेला माणूस. कोणत्या जाडीला किती ताण, हे त्याला सांगावं लागत नव्हतं.

तमन्नाने क्षणभर विचार केला. मग कॅसिओवरचं ट्रान्सपोजचं, पट्टी खाली-वर सरकवणारं बटण पाच वेळा दाबलं. पडद्यावर उणे पाच आलं. तिने पुन्हा काळी चारवर बोट ठेवलं. सूर बेंजोशी जुळला.

धरमसिंग डफ काखेत मारून आला. "कोनती पट्टी हाय, बेटी?"

"काळी चार, बाबा."

त्याने तिच्या बोटाकडे पाहिलं. बोट काळी चारवरच होतं.

"आन् तू कायले एवढा घामेजला?" तो अय्यूबला म्हणाला. "नवरदेव हायेस का?"

"तुह्यासोबत बसतो ना. वरातीतला घोडा हाय मी."

"घोडा नाही, खेचर."

पाच वाजून पाच मिनिटांनी पडदा सरकला. पुढच्या ओळींत पांढऱ्या केसांची माणसं बरीच होती. डावीकडे तांड्यावरून आलेल्या बाया, त्यांत धरमसिंगची बायको जमनी. पहिल्या लेंगीला लोक टाळ्या देत राहिले, दुसरीला मागच्या खुर्च्या सरकल्या आणि धोतर सावरत दोन म्हातारे नाचायला उठले. अय्यूबची बोटं सुरुवातीला जड होती. तिसऱ्या कडव्यापासून सुटली. धरमसिंगचा गळा कुठेच अडकला नाही.

निवेदकाने आणखी एक मागितलं. धरमसिंगने माइक बाजूला धरला आणि तमन्नाकडे वळला.

"बेटी, आता ते बटन काढून टाक."

"कोणतं, बाबा?"

"जे पाच खेपा दाबलं ते. खरी काळी चार दे."

अय्यूबचा हात तारांवर पडला. तारा एकदम मुक्या झाल्या.

"धरम..."

"जाड तार लावल्यावर बेंजो घोगरा होते, भिया. गळा गेला माहा. कान नाही गेले."

"मंग बोलला काहून नाही?"

"तू बोलला काय?" धरमसिंगने डफ मांडीवरून उचलला. "डफ खुंटीले टांगला असता, तं तुहा बेंजो कुठं गेला असता? दुकानात, मोटारीखाली."

निवेदक दोघांकडे पाहत घसा खाकरत होता.

"आज काहून मंग?" अय्यूबने शेवटी विचारलं.

धरमसिंगने खाली पाहिलं. "जमनी आली हाय. बारा वर्सं झाले, काळी चार आयकली नाही तिनं."

"तार नाही चढत आता. तुटन."

"मंग तशीच वाजव. तुले काय पाच बटनं मोजता येत नाही?"

तमन्नाने अय्यूबकडे पाहिलं. त्याने हलकेच मान हलवली. तिने बटण दाबत नेलं. उणे चार, उणे तीन. पडद्यावर शून्य आलं तेव्हा तिने काळी चार धरून ठेवली. उंच, कोरडा सूर मंडपभर उभा राहिला. डावीकडच्या बायांत जमनीने डोक्यावरचा पदर मागे सारला.

अय्यूबने खालच्या पट्टीत लावलेल्या झंकाराच्या तारा तळहाताने दाबून धरल्या, कारण त्या आता बेसूर बोलल्या असत्या. मग आपल्या 'सा'पासून उजवीकडे पाच बटणं मोजली आणि सहाव्यावर बोट टेकवलं.

पाच वाजून बत्तीस मिनिटांनी धरमसिंगने डावा हात कानाशी नेला, डोळे मिटले आणि श्वास भरून घेतला.