तापीबाईंच्या डाव्या कानातून

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. म्हसावदच्या तापीबाईंच्या डाव्या कानात, अगदी आत, शंखासारख्या वळणदार नळीत राहते. मला डोळे नाहीत. ऐकले तेवढेच सांगते. पण काय काय ऐकले म्हणून सांगू!

नळीत पाणी आहे आणि माझ्या डोक्यावर केसांचा इवलासा झुबका. बाहेर आवाज झाला की पाणी हलते, झुबका झुकतो आणि मी लगेच मेंदूला वर्दी देते. आम्हा हजारो जणींच्या रांगा आहेत. नळीच्या दाराजवळच्या बारीक सूर टिपतात, आतल्या जाड. मी दारापासून थोडी आत. आमच्या जिवावर तापीबाईंचा केवढा तोरा होता! माठ घ्यायचा तर गावच्या बायका आधी त्यांना बोलावत. त्या टिचकी मारत आणि तडा गेलेला माठ बरोबर बाजूला काढत.

१९५६ साली त्यांना क्षय झाला. स्ट्रेप्टोमायसिनची सुई रोज सुरू झाली. खोकला हटला, ताप उतरला. आम्हाला आनंदाचे भरते आले! पण तेच औषध रक्तातून आमच्या पाण्यात शिरले. दाराजवळच्या शेजारणींचे झुबके विस्कटले आणि एकेक जण कायमची गप्प झाली. तापीबाईंच्या कानात सतत शिट्टी वाजू लागली, तरी त्या कुणाला बोलल्या नाहीत. पुढची रांग माझी होती. माझी तर गाळण उडाली.

एकदा आठवडे बाजारात त्यांनी धुडकू कुंभाराच्या माठावर टिचकी मारली. नापसंत! दुसरा, तिसरा, सातवा, सगळे फुटके म्हणून नापसंत!

“बठ्ठा माठ फुटेल शेतस! लोकेस्ले फसाडी ऱ्हायना का?”

धुडकू खवळला. “मन्हा माठ खणखणीत शे! तुन्हाच कान बिघडना!”

गलका ऐकून तापीबाईंना सुई देणारे दवाखान्याचे डॉक्टर पुढे आले. त्यांनी स्वतः टिचकी मारली. मला त्यातला जाड सूर तेवढा कळला. बारीक टिपायला शेजारणी उरल्याच कुठे होत्या?

“माठ तर छान वाजतो. बाई, तुमच्या कानात शिट्टी वाजते का?”

“महिना व्हयना,” तापीबाईंनी महिनाभराचे गुपित हळूच फोडले. “तुम्हले सांगं ते तुम्ही सुई बंद करी देशात. मंग मी जगसू कशी?”

 डॉक्टर म्हणाले, “सुई आजच बंद. पण क्षयावर आता गोळ्याही आहेत. तुम्ही जगाल.”

मित्रांनो, मी वाचले! पुढे क्षयही बरा झाला.

गेलेल्या शेजारणी मात्र परतल्या नाहीत. आम्ही पुन्हा उगवत नाही हो! म्हणून सांगते, औषध चालू असताना कान वाजू लागले तर औषध मनाने बंद करू नका आणि गप्पही बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

तापीबाई धुडकूची माफी मागायला गेल्या, तेव्हा तो त्यांच्या कानाजवळ येऊन मोठ्याने म्हणाला, “माफी कसानी, बाई? महिनाभर पहिलेच भांडतीस, ते कान जास्ती वाचता!”