वाळू सरेपर्यंत

मोहनबाई आमच्या घरमालकीण, मारवाडी जैन. जळगावात त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं नवरा-बायको भाड्याने राहायचो. रोज सकाळी त्या ओसरीवर पांढरं आसन टाकून, तोंडाला मुखपत्ती बांधून सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसत. समोर वाळूची घडी, म्हणजे काचेचं वाळूचं घड्याळ. वरची वाळू खाली येईपर्यंत, म्हणजे पाऊण तासाहून जरा जास्तच, त्यांचा संसाराशी संबंध नाही. एकदा अंगणात शेळी शिरली आणि वाळत घातलेल्या मुगाच्या वड्या खाऊ लागली. मोहनबाईंनी पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. काठी घेऊन धावले ती मी. वाळू सरल्यावर उठून त्यांनी शांतपणे विचारलं, किती उरल्या. मी बाईकडे बघतच राहिले. माझं मन तर दूध तापल्याच्या वासानेसुद्धा उठून जायचं.

त्या वर्षी मी बाहेरून सातवीच्या फायनलला बसणार होते. शाळा चौथीतच सुटलेली. पास झाले तर बालवाडीत शिकवायची जागा मिळणार होती. पण व्याजाचं गणित घेतलं की निवडायचे तांदूळ आठवत, आणि तांदूळ घेतले की व्याज.

मोहनबाईंनी आपली जुनी घडी मला दिली. म्हणाल्या, "वाळू पडते तोवर उठायचं नाही. आणि संपली की पुस्तक मिटायचं, गणित अर्धं राहिलं तरी. पाणी पी, नळापर्यंत जाऊन ये. मग पाहिजे तर पुन्हा उलटी कर."

पहिली अट हळूहळू जमली. दुसरी जड गेली. पण अर्धं गणित तसंच टाकून नळावर जावं, तर बादली भरता भरता त्याचं उत्तर आपसूक समोर येऊन उभं राही. मला त्या एवढ्याशा काचेचा धाकच वाटायला लागला.

माघात सासूबाई पहूरहून आल्या. झुंबरबाई त्यांचं नाव. कापसाची शेवटची वेचणी होती, बाया मिळत नव्हत्या, म्हणून सुनेला न्यायला आल्या होत्या. मी गेले असते तर परीक्षा बुडालीच असती. मी आत गणितात. मोहनबाईंनी त्यांना दारातच हळू आवाजात सांगितलं, ती घडीत बसली आहे. सासूबाईंना वाटलं, सून मारवाड्यांच्या देवाला लागली.

वाळू सरली. मान वर केली, तर समोर सासूबाई डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून बसलेल्या.

"कोन्या देवाचं व्हतं हे?" त्यांनी हळूच विचारलं.

"देवाचं नाही, आत्याबाई. गणित आहे."

त्यांनी घडीला हात लावला नाही. नुसतं वाकून पाहिलं.

"मी इतका वेळ समोर बसेल व्हते. तुले दिसले नही?"

"नाही."

"मंग देवाचंच."

दुपारच्या मोटारीने त्या एकट्याच परत निघाल्या. कापसाचं मी पाह्यते म्हणाल्या. दारातून वळून ह्यांना मात्र बजावलं, "ती बसेल राह्यली का दूध तू उतारजो."