बदललेलं नाव

लढाई थांबून सहा वर्षं झाली, तेवढ्या काळात शिंपीणबाईंच्या खुर्चीवर अकरा संशोधक बसून गेले. पहिल्या तिघांपुढे त्या रडल्या. चौथ्यापासून काजं करत करत सांगू लागल्या. मुलाला शिपायांनी किती वाजता नेलं, अंगात कोणता शर्ट होता, सगळं पाठ. नणंद म्हणायची, "वहिनी, आता तिकीट लाव."

बारावी आली ती विद्यापीठातली मुलगी, वही मिटून ऐकणारी. संमतीचा कागद तिने सावकाश वाचून दाखवला: कुणाचंही खरं नाव छापणार नाही.

"माझं नका छापू," बाई म्हणाल्या. "त्याचं छापा. ना हाडं मिळाली, ना दाखला. कुठेतरी लिहिलेलं असू दे."

"मावशी, नियम आहे. तुमच्याच सुरक्षेसाठी."

"आता कसली गं सुरक्षा?"

मुलीचे डोळे भरले. पण सही तिने घेतलीच. डोळे भरायला नियमांची हरकत नव्हती.

वर्षाने पुस्तक निघालं. ते द्यायला ती स्वतः आली, हे तिच्या जमेला धरायला हवं. आधीच्या अकरांतला एकही परत फिरकला नव्हता. नणंद मोठ्याने वाचायला लागली आणि दुसऱ्याच ओळीवर अडली.

"वाच की."

"नको वहिनी."

बाईंनी पुस्तक ओढून घेतलं. मुलाच्या नावाच्या जागी समोरच्या घरातल्या पोराचं नाव होतं. त्या दिवशी शिपायांना यांचं दार त्यानेच दाखवलं होतं. ते नाव बाई तोंडातून काढत नसत, म्हणून बारांपैकी कुणाच्याच वहीत नव्हतं.

नणंदेने सांगितलं तशी संशोधिका पांढरीफटक पडली. "इथे घरोघरी असणारं नाव निवडलं मी... कुणी ओळखू नये म्हणून. पुढच्या वेळी दुसरं घालते, मावशी."

"दुसरं कुणाचं?"



बाईंनी पेन मागितलं. ते नाव खोडून वर मुलाचं लिहिलं, मग पुढच्या ओळीतलं खोडलं. संशोधिका शेजारी बसली आणि तिने पान दाबून धरलं. जरा वेळाने तीच बोट ठेवून दाखवू लागली, "इथेही आहे, मावशी."

"अशी पुस्तकं किती?"

"तीनशे. टपालाने गेली."

बाईंनी मान हलवली आणि पान उलटलं.