मुळावरची साय

मी फोनवर एकच वाक्य सांगत होते. ते मला कुणी पूर्ण करू दिलं नाही.

दात पांढऱ्या बाजूनं धरा, मुळाला

(इथे फोन मुलीच्या आईच्या हातातून बापाच्या हातात गेला.)

"नमस्कार म्याडम, शिवप्रसाद बोलतोय, हुपरीस्नं. आमची शांभवी अंगणात फरशीवर पडली. पुढचा दात आक्खा भाइर आलाय, मुळासकट. दुधाचाच असंल की?"

वय विचारलं. आठ. म्हणजे दुधाचा नाही, कायमचा. लगेच बसवला तर जगतो. म्हटलं, तुम्हीच आत्ता हिरडीत परत बसवता का?

"मी? न्हाई ओ. चक्कर यील मला."

बरं. मग वाटीत थंड दूध घ्या, त्यात दात टाका आणि निघा. कोल्हापुरात, राजारामपुरीत, माझ्या दवाखान्यात. आणि मुळाला

"अव्वा इचारत्यात, म्हशीचं चालंल का गाईचं?"

कुठलंही. मुळाला घासू

"हां हां, निघालोच." फोन बंद.

परत लावला. लागेना. परत लावला. आता शिवप्रसादच्या आईनं, म्हणजे त्या अव्वांनीच उचलला आणि माझं माहेर कुठलं ते विचारलं. मी म्हटलं, सुनेला द्या. सून रडत होती. दात कुणाजवळ आहे?

"मामंजींजवळ."

चला, घरातल्या जाणत्या माणसाजवळ आहे, असं मला वाटलं. नुसतं वाटलं.

आख्खं घर आलं. शांभवी बापाच्या कडेवर, तोंडावर टॉवेल. मागून तिचे अज्जा, म्हणजे आजोबा, पंचाक्षरी. जन्मभर चांदीचे पैंजण घडवलेला माणूस. त्यांनी दुधाची वाटी दोन्ही हातांनी पुढं केली. मी दात उचलला.

झळाळत होता.

"मातीनं भरलावता," अज्जा म्हणाले. "असा कसा आणायचा डॉक्टरकडं? रिठ्याच्या पाण्यात घातलो, पितळी ब्रश फिरवलो. पैंजणाला उजाळा देतोय तसं. मग दुधात टाकलो."

दाताच्या मुळावर सायीसारखा पातळ पापुद्रा असतो. जिवंत असतो तो. त्याच्याच जोरावर दात परत रुजतो. तो आता हुपरीत होता, रिठ्याच्या पाण्यात.

कुणावर ओरडायचं ते ठरेना, म्हणून मी हातमोजे घातले. दात तरीही बसवायचा होता. नाहीतर तिथलं हाडही झिजत जातं. पण शांभवी तोंड उघडेना, आणि सगळे मदतीला धावले.

— आ कर की. आ.

— डॉक्टर नुसतं बघत्यात. काय करत न्हाईत.

— उघडली न्हाईस तर समदेच दात काढत्यात बघ.

— आइस्क्रीम घेऊ या जाताना.

— आईचं ध्यान कुठं असतंय पोरीकडं? मोबाइलात.

शेवटचं अव्वांचं. सून भिंतीला टेकून उभी होती.

"इंजेक्शन न्हाई हां बाळा," शिवप्रसाद म्हणाला. सिरिंज माझ्या हातात होती. शांभवी सिरिंजकडेच बघत होती.

मी त्याला बाहेर काढलं. मग उरलेल्यांना. म्हटलं, मुलीशी खोटं बोलणारं कुणी आत नको. एकच माणूस थांबेल. शांभवी, कोण हवंय?

"अज्जा."

अर्थातच.

अज्जांनी खुर्चीशेजारी बसून तिचं डोकं धरलं. मी तिला सांगितलं: टोचेल, दुखेल, मग ओठ जड होईल. तिनं तोंड उघडलं. टोचल्यावर रडली, पण मिटलं नाही. दात खाचेत गेला. शेजारच्या दातांना मी तो बारीक तारेनं बांधला.

"जगंल न्हवं?" अज्जांनी विचारलं.

पोरगी माझ्याकडे बघत होती. खोटं बोलणाऱ्यांना मीच बाहेर घालवलं होतं.

"काही वर्षं राहील. जगणार नाही. मूळ घासलं गेलंय, ते हळूहळू विरघळेल. पुढं मोठी झाली की दुसरा बसवावा लागेल."

"म्हंजे मी घासलो म्हणून?"

"हो. मी सांगत होते, पण फोन"

हे वाक्यही मी अर्धंच सोडलं.

अज्जांनी तिचं डोकं सोडलं. मग शांभवीला म्हणाले, "ऐकलीस न्हवं? अज्जानं केलंय हे. आईला कोण बोललं तर सांगायचं."

तिनं जड ओठानं काहीतरी म्हटलं. अज्जा बाहेर गेले. दारापलीकडे अव्वा सुनेला बोलतच होत्या. मग अज्जांचा आवाज आला, हळू. अव्वांचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

दार उघडलं. शिवप्रसाद.

"म्याडम, म्हाताऱ्या माणसाला असं तोंडावर बोलत्यात व्हय?"

त्यांनी स्वतःच विचारलं होतं, हे मी सांगणार होते. सोडून दिलं.

"पुढच्या आठवड्यात तार तपासायला आणा," मी म्हटलं. "तिच्याबरोबर आत अज्जांना पाठवा. तुम्ही गाडीतच थांबा."