पाणी प्यायलेले चेंडू

"अजून थोडा," असं म्हणून कॉर्लिस टिब्सने चेंडू परत एमरीच्या मांडीवर ठेवला.

एमरी साबोने ओला टॉवेल पिळला, चेंडूच्या लंबगोल अंगावरून शिवणीच्या कडेकडेने फिरवला आणि मग घोड्याच्या केसांचा ब्रश उचलला. कारखान्यातून आलेल्या नव्या चेंडूवर एक मेणचट तकाकी असते. पेटीतून काढला की तो मासोळीसारखा बोटांतून निसटू पाहतो. ती तकाकी उतरवायची, कातडं ओलवायचं, घासायचं, वाळू द्यायचं, पुन्हा घासायचं. दहा-बारा दिवसांनी कातड्याचे दाणे मांजराच्या जिभेसारखे उभे राहतात. तेहेतीस वर्षं एमरी हेच करत आला होता. टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉल संघात पाच कोच आले नि गेले, मालक बदलला, मैदानाचं नाव दोनदा बदललं. स्टेडियमच्या पोटातली ही बिनखिडकीची सामानखोली आणि तिच्यातला एमरी मात्र जागचे हलले नाहीत. त्याच्या हाताला यश आहे, असं सगळे म्हणत. ऐकून ऐकून त्यालाही ते खरं वाटू लागलं होतं.

"आता बघ."

कॉर्लिसने चेंडू उचलला, बोटं शिवणीवर पसरली आणि तळहात उलटा केला. चेंडू पडला नाही. तो हसला.

"मिस्टर एमरी, तुम्ही मला हात दिलात."

मिसिसिपीच्या खोऱ्यातून आलेल्या या तेवीस वर्षांच्या पोराची बोलायची रीतच तशी होती. वडीलधाऱ्या माणसाला 'मिस्टर' लावल्याशिवाय तो हाक मारत नसे. एरवी त्या इमारतीत एमरीला कुणी मिस्टर म्हणत नव्हतं.

कॉर्लिसचे हात लहान होते. त्याच्या खात्यावर एवढंच पाप होतं. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साडेआठ इंच. चाचणीच्या दिवशी कुणीतरी त्याच्या पंजाभोवती पेन्सिल फिरवून तो आकार कागदावर उतरवला होता आणि तो कागद जेवणघराच्या फळ्यावर टाचलेला होता. सूप घेताना माणसं त्यावर आपला पंजा ठेवून बघत आणि हसत. एकदा त्याच्या कपाटात लहान मुलाचा लाल लोकरी हातमोजा निघाला. कॉर्लिसने तो फेकला नाही, आकड्याला अडकवला. विचारलं तर म्हणे, इथली थंडी वाईट असते असं ऐकलंय. पण दीड-दीडशे किलोची माणसं अंगावर धावून येत असताना तो चार पावलं मागे सरे, आणि त्या झुंबडीतून वीस यार्डांवरच्या गड्याला चेंडू असा पोचवी, की गड्याने हात पुढे करावा आणि चेंडूने तिथे आधीच असावं.

त्याच्याशी स्पर्धेत असलेला दुसरा, ग्रेडी होल्कम. टेक्सासचा, उंच, सोनेरी केसांचा, दहा इंची पंजाचा. त्याला संघाने वाजतगाजत सगळ्यांच्या आधी निवडून आणलं होतं. पेटीतून काढलेला चेंडू तसाच दिला तरी ग्रेडीची तक्रार नसे. त्याचे चेंडू एमरी जेमतेम पुसून देई. फेक तर अशी, की ऐकायला यायची. ती कुठे जाऊन पडणार हे कधीकधी त्याचं त्यालाच ठाऊक नसे.

संघाचा जुना क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवून चेंडू फेकणारा मुख्य गडी, वसंतात निवृत्त झाला होता. त्याच्या जागी या दोघांपैकी एकच राहणार होता, दुसऱ्याला घरचा रस्ता. कोच राउशने उन्हाळाभर दोघांना समान पारड्यात तोलल्यासारखं दाखवलं आणि शहरातले न्हावीसुद्धा त्यावरून भांडू लागले. आज दुपारी सरावाचा शेवटचा सामना होता. पहिला अर्धा ग्रेडीचा, दुसरा कॉर्लिसचा. ज्याचा खेळ त्याचे चेंडू, हीच इथली पद्धत. दोन पिशव्या, प्रत्येकीत बारा चेंडू.

कॉर्लिसचे बारा चेंडू खरं तर बुधवारीच तयार झाले होते. ज्या म्हाताऱ्या फेरेन्सकडून एमरी ही विद्या शिकला, तो मरेपर्यंत एकच बजावत राहिला होता: फार घासू नकोस, जास्त घासलेलं कातडं तहानेलं होतं. एमरीला ते पाठ होतं. तरी आज पहाटे येऊन त्याने बाराच्या बारा चेंडू पुन्हा मांडीवर घेतले. पाऊस रात्री येईल असं रेडिओवर सांगितलं होतं. आणि त्या पोराने 'अजून थोडा' म्हटलं की एमरीचा हात थांबत नव्हता. स्वतःचं मूलबाळ नसलेल्या माणसाची माया अशीच कुठेतरी कातड्यात मुरते.

सामन्याच्या दोन तास आधी पंचांनी दोन्ही पिशव्या तपासून शिक्के मारले. त्यानंतर चेंडूला ब्रश लावायचा नसतो.

ग्रेडीचा अर्धा वेळ धड ना चांगला, धड ना वाईट असा गेला. दोन फेकी अशा, की लोक उभे राहिले. एक थेट प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर. मध्यंतराला गुण बरोबरीत होते. एमरी बोगद्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला आणि त्याने उत्तरेकडे पाहिलं. एरी सरोवरावरून एक काळी भिंत चालत येत होती.

त्याच क्षणी त्याला सगळं कळलं. ग्रेडीच्या पिशवीवरही शिक्का होता. त्या चेंडूंच्या अंगावर अजून मेण होतं. पाणी त्यांच्यावरून निथळून गेलं असतं. पिशवी बदला, एवढं राउशला म्हटलं की काम झालं असतं. एक शब्द पुरे होता. पण तो शब्द म्हणजे आपल्या हाताची चूक कबूल करणं होतं, आणि तेहेतीस वर्षांत तशी पाळी त्याच्यावर आली नव्हती. भिंत कदाचित सरोवराच्या कडेनेच पूर्वेला वळेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. कॉर्लिसची पिशवी त्याच्याच हातात होती. त्याने ती मैदानाच्या रेषेवर नेऊन ठेवली.

कॉर्लिसची पहिली फेक चाळीस यार्ड गेली आणि स्टेडियमने श्वास रोखला. मग पाऊस आला.

तहानेलं कातडं तो घोटाघोटाने प्यायलं. दुसऱ्या खेळीत चेंडू कॉर्लिसच्या हातून सुटला. चौथ्या खेळीत तो फेकताना बोटांवरून घरंगळला आणि त्याच्याच पायाशी पडला. प्रतिस्पर्ध्यांनी तो उचलून पळत नेला. कॉर्लिस पँटला हात पुसत होता, पुन्हा पुन्हा आपल्या बोटांकडे बघत होता, जणू ती दुसऱ्या कुणाची आहेत. कठड्यामागून एकजण ओरडला, "आईला बोलव रे, हात धरायला." मग कुणीतरी आपला पंजा वर केला, बोटं आखडून, लहान करून. शेजाऱ्याने केला. बघता बघता अख्खा पूर्वेचा सज्जा पावसात पंजे आखडून उभा होता, आणि हसत होता. तिसऱ्यांदा चेंडू सुटल्यावर राउशने तो स्वतः उचलला, दोन्ही हातांनी दाबला, क्षणभर एमरीकडे पाहिलं आणि पंचांकडे टाकला.

त्याने कॉर्लिसला बाहेर काढलं नाही. शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नावं कापायची असतात. एमरी रात्रभर झोपला नव्हता. सात वाजता तो राउशच्या दारात उभा राहिला. राउश सूर्यफुलाच्या बिया चावत होता आणि टरफलं कागदी पेल्यात थुंकत होता.

"कोच, त्या पोराच्या हातांचा दोष नव्हता. चेंडूंनी पाणी धरलं होतं. मी जास्त घासले. चूक माझी होती."

"माहीत आहे. भिजलेल्या पावासारखा लागत होता हाताला."

एमरी थांबला. हे वाक्य संपलं की दुसरं येईल, अशी तो वाट बघत होता. राउशने टरफल थुंकलं.

"ग्रेडी एप्रिलमध्येच ठरलाय, साबो. वरच्यांनी ज्याला वाजतगाजत आणलं, त्याला बाकावर बसवून ते काय तोंड दाखवणार? माझी अडचण एकच होती. दुसरा जास्त चांगला खेळत होता. लोकांना सांगायचं काय? ती अडचण तू सोडवलीस." त्याच्या आवाजात रागलोभ काही नव्हता, हवामान सांगावं तसं तो बोलत होता. "आता निरोप पण तूच दे. तुझ्यावर जीव आहे त्याचा, आरडाओरडा करणार नाही."

"चेंडूचं त्याला सांगू?"

"सांग की. मग तो दारोदार सांगत फिरेल, चेंडू खराब होता म्हणून. लहान हातांचा पोरगा एखाद्या संघाला चालेल. रडका कुणाला चालत नाही." त्याने आणखी एक बी दातांखाली घेतली. "आणि सांगणार होतास तर काल मध्यंतरात सांगायचंस. तू ढगाकडे बघत होतास, मी तुझ्याकडे बघत होतो."

निरोपाचे शब्द ठरलेले असतात. या धंद्यात ते सगळ्यांना पाठ आहेत. कोचने बोलावलंय, पुस्तक घेऊन ये. पुस्तक म्हणजे डावांची जाड वही. ती परत मागितली की माणूस संपला. ज्याच्याकडे हे काम असतं त्याला खेळाडू नजर देत नाहीत, तो दिसला की न्हाणीघरात शिरतात. एमरी कपाटांच्या रांगेतून चालत गेला तेव्हा कुणीही हललं नाही. म्हातारा टॉवेल गोळा करायला आलाय, असंच त्यांना वाटलं. कॉर्लिसलाही. त्याने आपला टॉवेल काढून पुढे केला.

एमरीने तो घेतला. "कोचने बोलावलंय," तो म्हणाला. "पुस्तक घेऊन जा."

कॉर्लिसने रिकामा हात खाली घेतला. मग म्हणाला, "त्यांनी तुम्हाला पाठवलं, हे बरं केलं."

त्याने वही बाजूला काढून ठेवली आणि काळ्या कचऱ्याच्या पिशवीत सामान भरायला घेतलं. इथून जाणारे सगळे त्याच पिशवीतून जातात. बूट, बायबल, पाठीवर लावायचा मलम. भरता भरता तो बोलत होता, एमरीला दिलासा द्यावा तसा. तो म्हणाला, उन्हाळाभर कुणी माझ्यासाठी एवढं केलं नव्हतं. चेंडूत काही कमी नव्हतं, मिस्टर एमरी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पहिली फेक बघितलीत ना? चेंडूने हात धरला होता. पाऊस आला आणि माझं खरं माप कळलं.

एमरीच्या जिभेवर तीन शब्द आले. चूक माझी होती. तेच तीन शब्द त्याने अर्ध्या तासापूर्वी राउशला ऐकवले होते आणि तिथे त्यांची किंमत शून्य होती. इथे त्यांनी एक माणूस वाचला असता. निदान त्या माणसाला आयुष्यभर स्वतःच्या बोटांचा संशय आला नसता.

"माझे हात खरंच लहान आहेत का हो?" कॉर्लिसने विचारलं. खरोखर विचारलं. डॉक्टरला विचारतात तसं.

रांगेतल्या शेवटच्या कपाटाशी कुणीतरी हसलं, दुसऱ्याच कशाला तरी.

"हो," एमरी म्हणाला.

कॉर्लिसने मान हलवली. आकड्यावरचा लाल हातमोजा काढला, पिशवीत टाकता टाकता थांबला आणि खिशात घातला. "हा माझ्याच मापाचा आहे," असं म्हणून तो हसला, आणि वही काखेत धरून गेला. एमरीने कपाटावरची त्याच्या नावाची पट्टी नखाने सोलून काढली. ती सहज निघाली. लावतानाच त्याने गोंद कमी लावला होता. सगळ्याच नव्यांना तो तसाच कमी लावत असे.

दुपारी ग्रेडी होल्कम सामानखोलीत आला. त्याने कधी उंबरा ओलांडला नव्हता. आज शिटी वाजवत आला. कॉर्लिसचे बारा चेंडू फळीवर ओळीने वाळत होते. ग्रेडीने त्यातला एक उचलून त्या मोठ्या पंजात फिरवला.

"काय झकास पकड आहे, म्हाताऱ्या. सरावात मी चोरून धरून बघितले होते. आता त्याला तर नकोत. हेच दे मला."

एमरी उठला. त्याने ग्रेडीच्या हातातून चेंडू काढून घेतला, पेटीतून सुई काढली, तिला जिभेने ओल लावली आणि चेंडूच्या छिद्रात खुपसली. हवा बारीक शीळ घालत बाहेर येऊ लागली.

"हा पाणी प्यालाय," तो म्हणाला. "चूक माझी होती. त्याच्या हातांची नव्हती."

ग्रेडीने खांदे उडवले. मग नवे घास, पण असेच घास, असं सांगून तो शिटी वाजवत निघून गेला.

एमरीने दुसरा चेंडू घेतला, मग तिसरा. बाराव्याची हवा जाईपर्यंत तो चेंडू दोन्ही तळव्यांत धरून बसला. कातडं हळूहळू खाली बसत गेलं, मऊ पडलं, सुरकुतलं. आता तो कुठल्याही हातात मावला असता.